लाइन पडली तर कोण थांबणार? पुण्यातल्या एका सीए ऑफिसातल्या दोन इंटरनेट लाइनचं प्रकरण

पार्श्वभूमी

कर्वे रोडवरून एरंडवण्याकडे वळणाऱ्या एका गल्लीत सनदी लेखापालांची भागीदारी फर्म आहे. जुन्या इमारतीचे दोन मजले, चाळीसेक माणसं. तिथलं नेटवर्क सुधारायचं काम माझ्याकडे आलं होतं. फर्म ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नेटवर्कचा भाग मात्र घडला तसाच दिला आहे.

खालच्या मजल्यावर सीए ऑफिसात असतं ते सगळं: जीएसटी, टीडीएस, आयकर, ऑडिट आणि रिकामी दिसेल त्या खुर्चीवर बसणारे आर्टिकल्स, म्हणजे सीएचं शिकता शिकता काम करणारी मुलं. वरच्या मजल्यावर, कार्ड लावल्याशिवाय न उघडणाऱ्या दारामागे, अमेरिकेतल्या एका अकाउंटिंग फर्मची पुस्तकं लिहिणारी टीम. ही मंडळी दुपारी येतात आणि रात्री अकराच्या सुमारास घरी जातात. त्यांचं सगळं काम अमेरिकेतल्या सर्व्हरवर, रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे तिथल्या संगणकाचा पडदा इथे उघडून. हिशेबाचा एकही आकडा इथल्या संगणकावर राहता कामा नये, ही त्या क्लायंटची अट. दुसरी अट अशी, की त्यांच्या फायरवॉलमध्ये नोंदवलेल्या एकाच आयपी पत्त्यावरून आलात तरच आत घेणार.

म्हणून ऑफिसात दोन लाइन होत्या. पहिली गल्लीतल्या केबलवाल्याकडून आलेली फायबर ब्रॉडबँड: २०० एमबीपीएस, स्वस्त, पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडायची पद्धत) लॉगिनवर चालणारी. दुसरी २० एमबीपीएसची लीज्ड लाइन: वेग दहावा हिस्सा, भाडं कितीतरी जास्त, पण जाता-येता सारखाच वेग, दुसऱ्या कुणाशी वाटून न घेतलेला, आणि स्वतःचा स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी. लीज्ड लाइन घेतली ती केवळ त्या अमेरिकन क्लायंटसाठी.

अडचण

आधीच्या व्हेंडरने दोन्ही लाइन एका राउटरवर आणून लोड बॅलन्सिंग करून दिलं होतं. प्रत्येक नवं कनेक्शन आळीपाळीने इकडे किंवा तिकडे. कागदावर २२० एमबीपीएस झाले, आणि स्पीड टेस्टही छान यायची. तक्रार केली की व्हेंडर स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवायचा.

तक्रारी वेगाच्या नव्हत्याच. जीएसटीआर-३बी या मासिक जीएसटी विवरणपत्राची शेवटची तारीख २०. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सीनियर मॅडम चलन भरायला बँकेच्या साइटवर लॉगिन करायच्या. पासवर्ड स्वीकारला जायचा, ओटीपी यायचा, तो टाकला की ‘सेशन संपलं, पुन्हा लॉगिन करा’. कारण सरळ होतं. लॉगिनचं कनेक्शन ब्रॉडबँडवरून गेलं होतं आणि ओटीपीनंतरचं पान उघडणारं कनेक्शन लीज्ड लाइनवरून. काही बँका सेशन आयपी पत्त्याला बांधून ठेवतात. मध्येच पत्ता बदलला की त्यांना ते कुणीतरी सेशन चोरल्यासारखं दिसतं आणि त्या दार लावून घेतात. बँकेचं चुकलं असं म्हणता येणार नाही. मॅडमनी यावर स्वतःचा उपाय काढला होता: मोबाइलचा हॉटस्पॉट. हळूहळू तो साऱ्या मजल्याचा उपाय झाला, आणि दोन-दोन लाइनचं भाडं भरणारं ऑफिस दर महिन्याच्या २० तारखेला लोकांच्या खासगी मोबाइल डेटावर चालू लागलं.

वरच्या मजल्यावर वेगळीच गंमत. रिमोट डेस्कटॉप लावला की कधी लागायचा, कधी नाकारला जायचा. टीमने त्यातून एक समजूत करून घेतली होती: ‘पहिल्यांदा नाही लागत, दुसऱ्यांदा लागतो.’ नव्या माणसाला कामाच्या पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं. पाळी लीज्ड लाइनची असली की दार उघडायचं, ब्रॉडबँडची असली की बंद, एवढाच त्याचा अर्थ.

संध्याकाळी सातनंतर तिसरी तक्रार. वरच्या टीमचा माउस हलवला की पडद्यावरचा बाण क्षणभर उशिराने हलायचा. पुण्याहून अमेरिकेत जाऊन परत यायला पॅकेटला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, एरवीही सव्वादोनशे-अडीचशे मिलिसेकंद लागतातच, त्याला इलाज नाही. पण सातला फाइल सर्व्हरचा क्लाउड बॅकअप सुरू व्हायचा, त्यातली निम्मी कनेक्शनं २० च्या लाइनवर जाऊन बसायची, आणि पिंग, म्हणजे हा जाण्या-येण्याचा वेळ, सहाशे-सातशेच्या घरात. एवढ्या उशिराने उमटणाऱ्या अक्षरांवर विसंबून आकडे टाइप करणं म्हणजे शिक्षाच.

आणि चौथी: ब्रॉडबँड पडली की सगळं ऑफिस लीज्ड लाइनवर धावायचं. आर्टिकल्सचे व्हिडिओ, सगळ्यांचे मोबाइल, विंडोजचे अपडेट, सगळं त्या २० मध्ये. सुक्याबरोबर ओलंही जळायचं. पडलेली लाइन खालच्या मजल्याची, काम बंद दोन्ही मजल्यांचं.

कोणते पर्याय पाहिले

भागीदारांचा पहिला विचार होता लीज्ड लाइन मोठी करायचा, १०० एमबीपीएसपर्यंत. यातून संध्याकाळचा उशीर कमी झाला असता. बँकेची आणि नाकारल्या जाणाऱ्या रिमोट डेस्कटॉपची तक्रार जशीच्या तशी राहिली असती, आणि भाडं वाढलं असतं. तो विचार लवकरच मागे पडला.

दुसरा पर्याय लोड बॅलन्सिंग ठेवूनच ते सुधारायचा. कनेक्शनऐवजी पाठवणाऱ्या संगणकाचा पत्ता पाहून वाटणी केली, तर एका माणसाची सगळी कनेक्शनं एकाच लाइनवरून जातात आणि बँकेचा प्रश्न सुटतो. २०० आणि २० च्या प्रमाणात वाटणीही करता येते. बऱ्याच ऑफिसांना एवढं पुरतं, आणि तिथे मी हेच सुचवतो. इथे अडचण अशी, की कोण कुठल्या लाइनवर जाईल ते गणित ठरवणार. वरच्या टीममधली बरीच माणसं कायमची ब्रॉडबँडवर, म्हणजे कायमची दाराबाहेर.

तिसरा पर्याय जुना आणि साधा: दोन राउटर, दोन गेटवे (संगणकाला बाहेर जायचं दार). निम्म्या संगणकांना एक गेटवे द्यायचा, निम्म्यांना दुसरा. अनेक लहान ऑफिसांत हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे, कारण बिघडलं तर कुणालाही समजतं. पण लाइन पडल्यावर आपोआप काही होत नाही. कुणीतरी संगणकांवर जाऊन गेटवे बदलत बसायचं. शिवाय गेटवे बदलता येतो हे एकदा आर्टिकल्सना कळलं, की मग विचारायलाच नको.

चौथा, दोन्ही लाइन क्लाउडमधल्या एका पेटीत नेऊन तिथे एक करणारी सेवा. लाइन खऱ्या अर्थाने एकत्र करायच्या तर पलीकडच्या टोकालाही कुणीतरी असावं लागतं, आणि हे काम त्या सेवा करतात. लाइन पडली तरी सेशन तुटत नाही, हा मोठा फायदा. पण मासिक खर्च, आणि अशिलांची माहिती तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमधून जाणार. भागीदारांनी याला नाही म्हटलं. मीही फार आग्रह धरला नाही.

उरला पाचवा: एकच राउटर, पण माणसांचे गट करून प्रत्येक गटाला स्वतःचा रस्ता नेमून द्यायचा. यालाच पॉलिसी राउटिंग म्हणतात. एरवी राउटर पॅकेट कुठे चाललंय एवढंच पाहतो. इथे ते कुणाकडून आलंय हेही पाहतो आणि त्या गटासाठी ठेवलेलं वेगळं राउटिंग टेबल उघडतो. हा पर्याय घेतला.

खरा निर्णय

गट करायला बसलो तेव्हा कळलं, की ‘कोण कुठल्या लाइनवर’ हा प्रश्न पाच मिनिटांचा आहे. अमेरिकेचं काम लीज्ड लाइनवर, बाकी ब्रॉडबँडवर. यात वाद घालण्यासारखं काही नाही. प्रश्न दुसरा होता. मी मोठ्या भागीदारांना विचारलं, “सर, ब्रॉडबँड पडली तर कोण थांबणार?”

“कोणीच नाही. दोन लाइन त्यासाठीच घेतल्यात.”

“मग २० एमबीपीएसमध्ये सगळे बसणार, आणि अमेरिकेचं काम थांबणार.”

“ते थांबून नाही चालणार.”

“मग दुसरं कुणीतरी थांबेल, सर. ते तुम्ही सांगायचं. राउटर नाही सांगणार.”

सर थोडे वैतागले. मॅडमनी मात्र वहीत रेघा ओढून यादी करायला घेतली, आणि अर्ध्या तासात तीच या सगळ्या कामाची किल्ली ठरली. वरची टीम: लीज्ड लाइन, आणि ती पडली तर ब्रॉडबँडवर अजिबात नाही, कारण तिकडून क्लायंट दार उघडणार नाही आणि नुसते नाकारलेल्या लॉगिनचे ढीग साचतील. बँक आणि पोर्टलवर बसणारे: ब्रॉडबँड, पडली तर लीज्ड लाइन. आर्टिकल्स आणि बाकी मजला: ब्रॉडबँड, पडली तर लीज्ड लाइनचा छोटासा हिस्सा, सगळ्यांत मिळून ४ एमबीपीएस, म्हणजे ईमेल आणि एखादं पोर्टल चालेल, व्हिडिओ नाही. मोबाइल आणि पाहुणे: ब्रॉडबँड पडली तर नेट नाही. बॅकअप: फक्त ब्रॉडबँडवर, रात्री अकरानंतर, आणि लीज्ड लाइनवर कधीच नाही.

मोबाइलच्या मुद्द्यावर एका तरुण भागीदाराने हरकत घेतली. व्हॉट्सअॅपवरच अशील कागद पाठवतात, ते बंद कसं चालेल? रास्त होतं. पण प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये स्वतःचं सिम असतं, ऑफिसचं वायफाय गेलं तरी तो बंद पडत नाही. हरकत तिथेच मिटली.

वरच्या टीमसाठी अजून एक फाटा होता. क्लायंटने दुसरा पत्ताही नोंदवून घेतला तर त्यांनाही ब्रॉडबँडचा आधार मिळेल. पण आमच्या ब्रॉडबँडचा बाहेरचा पत्ता पाहिला तर तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला. हा पट्टा २०१२ सालापासून इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वाटणीसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता आम्ही गल्लीतल्या इतर ग्राहकांबरोबर वाटून घेत होतो. तसला पत्ता कुठलाही क्लायंट नोंदवून घेणार नाही, आणि घेऊही नये. ब्रॉडबँडवर जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी मिळत होता. तो घ्यायचं ठरलं, आणि क्लायंटकडे अर्ज गेला. तिकडची आयटी मंडळी निवांत. दरम्यान त्यांच्याशिवायच काम पुढे न्यायचं ठरवलं.

प्रत्यक्ष काम

पहिला पेच: राउटरने माणूस ओळखायचा कसा? संगणकाच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून, ओळखायची सूचना आली होती. पण एकाच लॅपटॉपचा केबलचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक देतात. त्यामुळे माणसाऐवजी जागेवरून ओळखायचं ठरलं: भिंतीतल्या सॉकेटप्रमाणे आणि वायफायच्या नावाप्रमाणे व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कातले वेगळे कप्पे. वरची खोली आधीच बंद दाराआड असल्याने तिथे हे चपखल बसलं. बँकेचं काम करणाऱ्यांच्या चार टेबलांना वेगळी सॉकेट दिली आणि तिथे आर्टिकल्सनी बसायचं नाही असं ठरलं. तो नियम टिकवणं नेटवर्कपेक्षा अवघड गेलं.

जुने स्विच साधे होते, व्हीलॅन न समजणारे. ते बदलावे लागले. त्यातला एक फॉल्स सीलिंगच्या वर सापडला, तो तिथे आहे हे ऑफिसातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

राउटर मायक्रोटिक कंपनीचा होता, तोच ठेवला. नियम लिहिताना क्रमाला फार महत्त्व. सगळ्यात वर हा नियम हवा, की ऑफिसच्या आतल्या पत्त्याकडे जाणारं काहीही नेहमीच्या मुख्य टेबलानेच जाईल. तो विसरला की गटाचा नियम आधी लागतो आणि प्रिंटरकडे चाललेलं पॅकेट इंटरनेट कंपनीकडे रवाना होतं. टॅली सर्व्हर ‘दिसत नाही’ म्हणून ओरडा सुरू होतो. त्याखाली गटांचे नियम.

इथे मायक्रोटिकमधला एक छोटा पर्याय यादीशी तंतोतंत जुळला. नियमाला ‘लुकअप’ दिलं, तर गटाच्या टेबलात चालू रस्ता नसल्यास राउटर मुख्य टेबलाकडे वळतो. ‘लुकअप ओन्ली इन टेबल’ दिलं, तर तो तिथेच थांबतो. म्हणजे मॅडमच्या वहीतलं ‘थांबेल’ आणि ‘थांबणार नाही’ हे राउटरमध्ये या दोन शब्दप्रयोगांनी लिहिलं जातं. वरची टीम, मोबाइल आणि बॅकअप यांना दुसरा प्रकार, बाकीच्यांना पहिला. लिनक्सवर हेच करायचं तर गटाच्या टेबलात शेवटी एक ‘अनरीचेबल’ रस्ता ठेवावा लागतो, नाहीतर पॅकेट गुपचूप पुढच्या नियमाकडे घरंगळतं.

लाइन पडली हे कळणार कसं, हा दुसरा पेच. राउटर एरवी फार तर पहिल्या गेटवेला पिंग करून, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते, पाहतो. पण केबलवाल्याचं उपकरण गल्लीत जिवंत असतं आणि त्याच्या मागची फायबर कर्वे रोडवर तुटलेली असते. गेटवे उत्तर देतो, राउटर निर्धास्त, ऑफिस बंद. म्हणून प्रत्येक लाइनवरून बाहेरचा एक सार्वजनिक पत्ता सतत तपासायचा. मायक्रोटिक दर १० सेकंदांनी पिंग करतो आणि लागोपाठ दोन उत्तरं चुकली की रस्ता बंद धरतो. म्हणजे वीसेक सेकंदांत निकाल. प्रत्येक लाइनला दोन पत्ते तपासायला दिले, म्हणजे एक पत्ता रुसला तर लाइन गेली असं होऊ नये. एक काळजी: जो पत्ता एका लाइनला बांधून तपासणीसाठी वापरला, तोच राउटरच्या डीएनएससाठी (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) ठेवायचा नाही. ती लाइन पडली की दुसरी लाइन धडधाकट असूनही तो पत्ता सापडत नाही आणि एकही साइट उघडत नाही.

डीएनएसचाच आणखी एक धागा. काही संगणकांवर कुणीतरी कधीकाळी ब्रॉडबँड कंपनीचा डीएनएस हाताने भरून ठेवला होता. तो फक्त त्या कंपनीच्या ग्राहकांना उत्तर देतो. लीज्ड लाइनवरून विचारलं की गप्प. सगळ्यांना राउटरचाच पत्ता दिला आणि राउटर बाहेर सार्वजनिक डीएनएसला विचारेल असं केलं.

दोन गोष्टींनी मात्र चांगलंच झुलवलं. पहिली, वरच्या खोलीतले दोन संगणक. नियम बरोबर, लीज्ड लाइन बरोबर, आणि तरी क्लायंटचं लॉगिन पोर्टल नाकारतंय. शेवटी त्या संगणकांचे पत्ते नीट पाहिले तेव्हा दिसलं, की त्यांची केबल अजून जुन्या स्विचवरून आलेली आहे, त्या स्विचला ब्रॉडबँडचा मॉडेमही जोडलेला आहे, आणि मॉडेम सगळ्यांना आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी पत्ते, वाटतोय. आमचे सगळे नियम आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे. पोर्टलला आयपीव्ही६ पत्ता असल्याने संगणक तो रस्ता आधी पकडत होते आणि आमच्या नियमांना बगल देऊन ब्रॉडबँडवरून जात होते. मॉडेम ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे तो लाइन नुसती पुढे देणार, पीपीपीओई राउटरवर घेतलं, वरच्या व्हीलॅनला आयपीव्ही६ दिलंच नाही. त्या संध्याकाळपासून ‘दुसऱ्यांदा लागतो’ ही समजूत संपली.

दुसरी, ती ४ एमबीपीएसची मर्यादा. लावली, चालू दिसतेय, आणि आर्टिकल्सचा व्हिडिओ मजेत चाललाय. राउटरच्या मूळ सेटिंगमध्ये फास्टट्रॅक नावाचा नियम असतो. राउटरवरचा भार कमी व्हावा म्हणून तो आधीच सुरू झालेल्या कनेक्शनची पॅकेट आडवाटेने पुढे ढकलतो, आणि त्या आडवाटेवर वेगमर्यादेचा नाकाच लागत नाही. तो बंद केला. एवढ्याशा ऑफिसात राउटरला त्याचा भार जाणवलाही नाही.

बाकीचं भराभर सांगतो. पीपीपीओईमुळे पॅकेटचा कमाल आकार १५०० बाइटवरून १४९२ होतो, म्हणून टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या माहितीची मर्यादा, १४५२ वर बांधला, आणि अर्धवट उघडणाऱ्या साइट नीट उघडू लागल्या. भागीदार घरून लीज्ड लाइनच्या पत्त्यावर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित रस्ता) लावतात. ज्या लाइनने विचारणा आली त्याच लाइनने उत्तर जावं म्हणून त्या कनेक्शनवर खूण ठेवली. लीज्ड लाइनवर रांगेची शिस्त लावली, वरच्या टीमला आधी. आणि कुठल्या वेळी कुठला आतला संगणक कुठल्या बाहेरच्या पत्त्याने गेला याची नोंद फाइल सर्व्हरवर साठवायला घेतली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात, आणि ते व्यावसायिक फर्मनाही लागू आहेत. राउटरच्या स्वतःच्या स्मृतीत एवढं मावत नाही.

परत येण्याचा प्रश्न

लाइन पडली की दुसरीकडे जायचं, हे सगळ्यांना सुचतं. परत कधी यायचं, याचा विचार कमी होतो. ब्रॉडबँड पडताना बँकेचं सेशन एकदा तुटतं. ती परत आली आणि राउटर लगेच तिकडे वळला, की दुसऱ्यांदा तुटतं. आणि फायबर जोडणारा माणूस खांबावर असतो तेव्हा लाइन येते, जाते, पुन्हा येते. दर वेळी सगळं ऑफिस इकडून तिकडे. म्हणून ब्रॉडबँड सलग दहा मिनिटं स्थिर राहिली तरच परत, असं ठरवलं. १८ ते २० तारखेला बँकेच्या गटाचं परत येणं हातानेच, संध्याकाळी काम संपल्यावर.

याच्याच जोडीला जुन्या कनेक्शनची साफसफाई. लाइन बदलली तरी राउटरच्या यादीत जुनी कनेक्शनं जुन्या पत्त्यानिशी तशीच राहतात. वेब पानं पुन्हा उघडतात, पण चालू इंटरनेट कॉल आणि व्हीपीएनसारखी यूडीपी (पोच न मागणारी) कनेक्शनं पॅकेट पाठवत राहतात, त्यामुळे ती नोंद मरत नाही आणि कॉल मुका होतो. लाइन बदलताना त्या गटाच्या नोंदी पुसणारी छोटी स्क्रिप्ट लावली.

चाचणी शनिवारी दुपारी घेतली. राउटरच्या पडद्यावरून लाइन बंद करून दाखवणं सोपं असतं, पण ती खरी चाचणी नव्हे. ऑफिसच्या मामांना मॉडेमच्या मागची फायबर काढायला सांगितली. मॉडेमचे दिवे चालू, राउटरला केबल जोडलेली, आणि तरी अर्ध्या मिनिटाच्या आत मॅडमचं पोर्टल लीज्ड लाइनवर. मोबाइलचं वायफाय बंद. वरची टीम शनिवारी नसते, म्हणून त्यांच्या एका संगणकावर आम्हीच बसून लीज्ड लाइन ओढून पाहिली: नेट पूर्ण बंद, जसं ठरलं होतं तसं.

गणपतीतला दणका

पुढच्या २० तारखेला खालच्या मजल्यावर हॉटस्पॉट दिसले नाहीत. मध्ये एका गुरुवारी वीज दुरुस्तीसाठी बंद असताना केबलवाल्याच्या बॅटरीने मान टाकली आणि ब्रॉडबँड गेली. बँकेचा गट लीज्ड लाइनवर गेला, अमेरिकेचं काम चालू राहिलं, आर्टिकल्स कुरकुरले. यादी कामाला आली.

मग गणेशोत्सवाच्या तयारीचे दिवस आले. गल्लीच्या तोंडाशी मंडळाच्या देखाव्याचा सांगाडा घेऊन ट्रक वळला आणि खांबावरून इमारतीच्या गच्चीकडे येणारा केबलचा झुबका त्यात अडकून तुटला. दोन्ही लाइन एकाच क्षणी गेल्या. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी बिलं, दोन वेगळी मॉडेम, आणि शेवटचे पंचवीस-तीस मीटर एकाच खांबावरून एकाच झुबक्यात. राउटरने दोन्ही रस्ते बंद धरले आणि त्याच्या परीने काम चोख केलं. पण जायलाच कुठे जागा नव्हती. लीज्ड लाइन रात्री उशिरा आली, ब्रॉडबँड दुसऱ्या दिवशी दुपारी. वरच्या टीमची एक पाळी बुडाली.

त्यानंतर सरांनी मला एकच प्रश्न विचारला, “दोन लाइन कशाला म्हणायचं मग याला?” उत्तर मॅडमच्या वहीतूनच निघालं. राउटरच्या यूएसबीला सिमचा डोंगल लावला, तिसरा रस्ता म्हणून, आणि तो फक्त बँकेच्या गटाला. बाकी सगळे थांबणार. या वेळी हे ठरवायला अर्धा तासही लागला नाही.

निष्पत्ती

बँकेची आणि पोर्टलची तक्रार संपली. वरच्या टीमचं लॉगिन पहिल्या झटक्यात होतं आणि संध्याकाळचा पिंग दिवसाइतकाच राहतो. लीज्ड लाइन मोठी करायचा विषय बाजूला पडला. ते पैसे स्विच, स्टॅटिक आयपी आणि डोंगलमध्ये गेले आणि तरी उरले. क्लायंटने दुसरा पत्ता अखेर नोंदवला, तेव्हा वरच्या टीमचा नियम ‘लुकअप ओन्ली इन टेबल’ राहिला, फक्त त्यांच्या टेबलात ब्रॉडबँडचा दुसरा रस्ता जोडला.

न सुटलेलंही आहे. लाइन बदलताना सेशन तुटतंच. अर्धवट भरलेला फॉर्म पुन्हा भरावा लागतो. बँकेच्या टेबलांवर जागा रिकामी दिसली की आर्टिकल्स बसतातच. आणि सगळे रस्ते ज्या एका राउटरमधून जातात तो राउटर एकच आहे. त्याच मॉडेलचा दुसरा, तेच सेटिंग भरून, कपाटात ठेवला आहे आणि तो लावायचा कसा याचा कागद मामांना समजेल असा लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

काय वेगळं करता येईल

असंच काम दुसऱ्या ऑफिसात आलं तर क्रम उलटा असावा. आधी गच्चीवर आणि खांबापर्यंत जाऊन दोन्ही केबल कुठून येतात ते डोळ्यांनी पाहायचं, मग लाइनचे करार करायचे. विक्री करणारा माणूस ‘आमचा मार्ग वेगळा आहे’ म्हणतो ते शहराच्या पातळीवर खरंच असतं. गल्लीत तसं असेलच असं नाही. करारातच शेवटचा टप्पा कुठून येईल ते लिहून घेता येतं. लाइन घेतल्यावर ते बदलायला सांगणं महागात पडतं आणि वेळही खातं.

कोण थांबणार ही यादीही स्विच-राउटरची खरेदी होण्याआधी हवी. इथे आधी यादी असती, तर लोड बॅलन्सिंगचा घाट बहुधा घातलाच गेला नसता.

वायफायला प्रत्येकाच्या नावाने लॉगिन देऊन माणसालाच व्हीलॅन चिकटवता येतं, म्हणजे तो कुठेही बसला तरी त्याचा रस्ता तोच. त्यासाठी एक सर्व्हर सांभाळावा लागतो. चाळीस माणसांत मला ते जड वाटलं. शंभर असती तर तसंच केलं असतं.

लीज्ड लाइनच्या कंपनीने पर्याय म्हणून गच्चीवर रेडिओ अँटेना बसवायची तयारी दाखवली आहे, म्हणजे शेवटचा टप्पा खांबावरून येणारच नाही. जागा त्यांनी पाहिली आहे, खांबापासून लांब, पाण्याच्या टाकीच्या मागे. इमारतीच्या सोसायटीची परवानगी लागते. पहिल्या बैठकीत अँटेनाच्या किरणांवरून चर्चा झाली, दुसरीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घ्यायचा ठरला आहे.